ठिगळ की मुलामा?

गाडीचा बंपर म्हणून आपल्याला बाहेरून जे दिसतं, तो खरं तर प्लास्टिकचा मुखवटा असतो. मोठी धडक झेलायचं काम त्याच्या मागे दडलेला आडवा दांडा करतो. मुखवट्याकडे बाकीची कामं असतात: हलका धक्का सोसणं, वारा वळवणं, सेन्सर सांभाळणं, गाडीला चेहरा देणं. मधल्या भागात त्याला बोल्ट आणि दाबून बसवायच्या क्लिपा धरून ठेवतात. दोन्ही टोकांना मात्र तो साधारण वीतभर लांबीच्या प्लास्टिकच्या ब्रॅकेटवर टेकलेला असतो. हे ब्रॅकेट चाकावरच्या पत्र्याला आतून स्क्रूने बसवलेलं असतं. त्याला खाचा असतात, बंपरच्या कडेला दात असतात. दात खाचेत 'खट्' करून बसले की झालं.

पार्किंगच्या खांबाला कोपरा घासला किंवा रिव्हर्स घेताना बंपर फुटपाथच्या कडेला अडकला, की एखादा दात मोडतो नाहीतर ब्रॅकेटचा कान तुटतो. मग पत्रा आणि बंपर यांच्यात बोटभर फट पडते. खड्ड्यातून गेलं की कोपरा खडखडतो. गाडी चालते, ब्रेक लागतात, एसी गार हवा देतो. त्यामुळे महिनोन् महिने कुणी तिकडे बघत नाही.

हे काम घरी करता येतं. गाडी जॅकवर घ्यायची, खाली स्टँड लावायचा, चाक काढायचं. चाकाच्या कमानीतलं काळं लायनर दोन-चार स्क्रू सोडवून बाजूला सारलं की ब्रॅकेट दिसतं. दहाचा सॉकेट, स्टार स्क्रूड्रायव्हर आणि क्लिप उचकटायला काहीतरी चपटं एवढी हत्यारं पुरतात. पण इथवर पोचल्यावर चार वाटा फुटतात.

पहिली, नवं ब्रॅकेट आणून बसवायचं. दुसरी, तुटलेला कान सोल्डरिंगच्या गरम टोकाने वितळवून परत जोडायचा, वरून स्टीलची बारीक जाळी दाबायची आणि त्याच जातीच्या प्लास्टिकची पट्टी वितळवून भर घालायची. तिसरी, दोन छोटी भोकं पाडून केबल टायने कोपरा आवळून टाकायचा. चौथी, झटपट चिकटणाऱ्या गोंदाचे चार थेंब टाकायचे आणि कोपरा दाबून धरायचा.

चौथ्या वाटेची गंमत अशी, की ती दिसायला सगळ्यात छान असते. पण बंपर आतून पाहिलात तर बहुतेक वेळा त्यावर 'पीपी' ही अक्षरं उमटवलेली सापडतील. पीपी म्हणजे पॉलिप्रॉपिलीन. हे प्लास्टिक मेणचट स्वभावाचं असतं, साधा गोंद त्याला नीट धरतच नाही. वरवर चिकटल्यासारखं वाटतं आणि मग एखाद्या स्पीडब्रेकरवर काही न सांगता सुटतं.

यातली प्रामाणिक दुरुस्ती कोणती, हा मला पडलेला प्रश्न आहे. स्वस्त कोणती, टिकाऊ कोणती, हे प्रश्न सोपे आहेत. प्रामाणिकपणाचा प्रश्न बंपरच्या बाबतीत विचारणं थोडं हास्यास्पद वाटेल, याचीही मला कल्पना आहे. तरी थोडं सोबत या.

*

झटकन सुचणारं उत्तर असं असतं: कंपनीचा पार्ट म्हणजे प्रामाणिक काम, बाकी सगळा जुगाड. हे उत्तर दोन्ही बाजूंनी फसतं.

रॉबर्ट पिर्सिग यांच्या १९७४ सालच्या 'झेन अँड द आर्ट ऑफ मोटरसायकल मेंटेनन्स' या पुस्तकात एक प्रसंग आहे. निवेदकाच्या मित्राच्या महागड्या बीएमडब्ल्यू मोटरसायकलचं हँडल सैल पडतं. निवेदक सुचवतो, बिअरच्या कॅनचा पत्रा कापून फटीत सारू. अॅल्युमिनियम मऊ असतं, फटीत छान बसतं, गंजत नाही, म्हणजे कामाला अगदी योग्य. मित्राला ते अपमानास्पद वाटतं. एवढ्या भारी गाडीला बिअरचा डबा? पुढे निवेदकाच्या मनात गमतीने येतं, की आपण गुपचूप तो पत्रा कापून, त्यावरची छपाई पुसून, हा जर्मनीहून मागवलेला खास पार्ट आहे असं सांगायला हवं होतं.

पत्रा तोच. छपाई ठेवली तर जुगाड, पुसली तर इम्पोर्टेड. म्हणजे माल कुठून आला यावरून दुरुस्तीची लायकी ठरत नाही. आणि छपाई पुसून दिलेला पत्रा उत्तम काम करत असला, तरी काहीतरी बिघडलेलंच असतं. उद्या हँडल पुन्हा सैल झालं तर तो मित्र अस्तित्वातच नसलेला जर्मन पार्ट शोधत बसेल. त्याच्या गाडीत काय आहे, हे त्यालाच माहीत नसेल.

आता दुसरी बाजू. १९७८ मध्ये जपान एअरलाइन्सच्या एका बोइंग ७४७ विमानाची शेपटी ओसाकाला उतरताना धावपट्टीला घासली. मागच्या बाजूची, केबिनमधल्या हवेचा दाब पेलणारी भिंत दुखावली. दुरुस्ती कुठल्या नाक्यावरच्या गॅरेजने केली नाही. विमान बनवणाऱ्या बोइंगच्याच पथकाने केली. जोडासाठी एक सलग पट्टी बसवायची होती, तिथे दोन तुकड्यांत कापलेली पट्टी बसली. त्यामुळे रिव्हेटच्या दोन ओळींनी वाटून घ्यायचा भार जोडाच्या एका भागात एकाच ओळीवर आला. विमान पुढे सात वर्षं उडत राहिलं, त्यात बारा हजारांहून अधिक उड्डाणं झाली. प्रत्येक उड्डाणाला ती भिंत थोडी ताणली जात होती, थोडी सैलावत होती. १२ ऑगस्ट १९८५ला टोकियोहून ओसाकाला निघालेलं हे विमान भिंत फुटून, शेपटीचा बराचसा भाग आणि नियंत्रणाची सगळी हायड्रॉलिक व्यवस्था गमावून डोंगरावर कोसळलं. ५२४ जणांपैकी ५२० गेले.

बंपरच्या खडखडाटाशेजारी हे उदाहरण ठेवणं फार मोठं होतं, हे मान्य. पण त्यातली एक गोष्ट आकारावर अवलंबून नाही. अधिकृत माणसं, अधिकृत सामान, आणि वरून पाहता पूर्ण दिसणारा जोड, असं सगळं असूनही तो जोड स्वतःबद्दल खोटं सांगत होता. त्याच्यावर विसंबलेल्यांना ते खोटं वाचायची सोय नव्हती.

*

मराठीत या दोन प्रकारांसाठी जुने शब्द आहेत: ठिगळ आणि मुलामा.

ठिगळ लपत नाही. गोधडीला लावलेला तुकडा वेगळ्या रंगाचा असतो, टाके दिसतात, इथे फाटलं होतं हे लहान मुलालाही कळतं. ठिगळ भक्कम असेलच असं नाही, पण त्याच्या भरवशावर किती ओढायचं हे ओढणाऱ्याला ठरवता येतं. मुलामा म्हणजे हलक्या धातूवर चढवलेला सोन्या-चांदीचा पातळ थर. तो आत जे नाही ते बाहेर असल्याचं भासवतो. ठिगळ लावलेला सदरा घालून फिरणाऱ्याची आपण टर उडवतो, मुलामा दिलेल्या दागिन्याचं कौतुक करतो, हा आपला जुना दोष.

मी कोड लिहून पोट भरतो. आमच्याकडे हा फरक रोज भेटतो. एखादा बग नीट सोडवायला वेळ नसतो, तेव्हा कुणीतरी तात्पुरता आडमार्ग काढतं आणि वर कॉमेंट लिहितं: हे तात्पुरतं आहे, अमुक कारणासाठी केलंय, अमुक झालं की काढा. हे ठिगळ. दुसरा प्रकार असा, की प्रोग्रॅमने एरर दिली की ती पकडायची आणि काहीच करायचं नाही. रिकामा कॅच ब्लॉक. स्क्रीनवर सगळं हिरवं दिसतं, डेमो उत्तम होतो. आत काय सडतंय ते कळायची वाटच बंद होते. हा मुलामा. दोन्ही कामं घाईतली, अपुरीच. पण पहिलं पुढच्या माणसाच्या हाती काहीतरी ठेवतं, दुसरं त्याच्या हातातलं काढून घेतं.

आता केबल टायकडे पुन्हा बघा. काळा टाय बंपरच्या कोपऱ्यावर दिसतो, जरा गावठीही वाटतो. पण तो सांगतो, की इथे काहीतरी तुटलंय आणि मी ते धरून ठेवलंय. गोंदाचा सांधा काहीच सांगत नाही. माझ्या हिशेबात टाय गोंदापेक्षा जास्त प्रामाणिक आहे, आणि त्याचं दिसणं हाच त्याचा मोठा गुण आहे.

*

इथे एक अडचण येते. दिसणं म्हणजे कुणाला दिसणं?

जुलै २०१९पासून भारतात बनणाऱ्या गाड्यांना रिव्हर्स पार्किंग सेन्सर सक्तीचे झाले. ते मागच्या बंपरमध्येच बसवलेले असतात. ते ध्वनिलहरी सोडतात आणि परत आलेल्या लहरींवरून मागे काही आहे का ते ओळखतात. त्यांची उंची आणि कोन ठरलेला असतो. बंपरचा कोपरा खाली लोंबला की तिकडचा सेन्सर जमिनीकडे बघू लागतो. मग रिव्हर्स टाकला की मागे काही नसतानाही पीं-पीं सुरू होते. चार दिवसांत चालवणाऱ्याला सवय होते: हा उगाच ओरडतो, लक्ष द्यायचं कारण नाही. सर्व्हरच्या खोट्या अलर्टना वैतागून ज्यांनी नोटिफिकेशन म्यूट केली असतील, त्यांना हे सांगायला नको. मग एक दिवस सोसायटीच्या पार्किंगमध्ये गाडीमागे पडलेला बॉल उचलायला एखादं पोर वाकलेलं असतं, आणि सेन्सर खरंच ओरडत असतो.

त्या पोराला केबल टाय दिसून उपयोग नाही. हायवेवर मागून येणाऱ्या दुचाकीवाल्यालाही नाही. तो ऐंशीच्या वेगात तुमच्या बंपरचं परीक्षण करत नाही. तो गृहीत धरतो.

या गृहीत धरण्याबद्दल एक सुंदर विचार मला अनपेक्षित जागी सापडला: १८७२च्या भारतीय करार कायद्यात. त्याच्या १७व्या कलमात लबाडी कशाला म्हणायचं ते सांगितलंय. मुद्दाम लपवणं ही लबाडी. नुसतं गप्प बसणं ही सहसा लबाडी नाही, पण बोलणं हे कर्तव्य असेल किंवा गप्प बसणं हेच बोलण्यासारखं असेल, तर ती लबाडी. समजावायला कायद्याने घोड्याची उदाहरणं घेतली आहेत. एकाला माहीत आहे की घोडा धड नाही. लिलावात तो विकताना तो गप्प बसतो. ही लबाडी नाही. घेणारी त्याचीच, नुकती सज्ञान झालेली मुलगी असेल तर? मग नात्यामुळे सांगणं त्याचं कर्तव्य ठरतं. तिसरं उदाहरण मला सगळ्यात आवडतं. घेणारा म्हणतो, तुम्ही नाही म्हणाला नाहीत तर घोडा धड आहे असं मी समजेन. विकणारा गप्प राहतो. इथे त्याचं गप्प राहणं हेच बोलणं.

रस्त्यावर आपण सगळे एकमेकांना तिसऱ्या उदाहरणातलं वाक्य म्हणत असतो. मागचा दुचाकीवाला पुढच्या गाडीला न बोलता म्हणतो, तू नाही म्हणाली नाहीस तर तुझे सगळे भाग जागेवर आहेत असं मी समजेन. लिफ्टमध्ये शिरणारा लिफ्टला हेच म्हणतो. अॅपमधून पैसे पाठवणारा, मी कधीही न पाहिलेला माणूस माझ्या कोडला हेच म्हणतो. आपली दुरुस्ती गप्प बसली, की आपण उत्तर दिलेलं असतं.

*

यावर आक्षेप आहे आणि तो रास्त आहे. प्रामाणिकपणा परवडावा लागतो. ज्याच्याकडे झाकलेलं पार्किंग, सॉकेटचा सेट आणि मोकळा रविवार आहे, त्याने नीतीच्या गोष्टी सांगणं सोपं. भाड्याने टॅक्सी चालवणाऱ्याची गाडी एक दिवस उभी राहिली तरी हप्ता उभा राहत नाही. तो टाय लावणार आणि धंद्याला निघणार. त्याला आपण काय सांगणार?

मला वाटतं, त्याने काही चूक केली नाही. नीट केलेला टाय ही पूर्ण सन्माननीय दुरुस्ती आहे, फक्त तिच्या काही अटी आहेत. टाय दोन लावायचे, म्हणजे एक तुटला तरी कोपरा दुसऱ्यावर राहील आणि उघडलेली फट इशारा देईल. काळे वापरायचे, कारण पांढरं नायलॉन उन्हात लवकर ठिसूळ होतं. सेन्सर पूर्वीच्या कोनात आला का, हे कुणाला तरी मागे उभं करून तपासायचं. आठवड्याने एकदा हात लावून बघायचं. यातल्या कशालाच फार पैसे लागत नाहीत. खर्च होतं ते लक्ष.

यातून दुसरी कसोटी मिळते: दुरुस्ती तुटली तर कशी तुटेल, आणि कुणावर? गप्प बसून एकदम सुटणारी दुरुस्ती वाईट. आधी खडखडणारी, लोंबणारी, ओरडून सांगणारी दुरुस्ती बरी. ज्यांना आपलं ठिगळ दिसणार नाही, त्यांच्या वतीने ते तुटण्याचा विचार आपणच करून ठेवायचा. मागच्या दुचाकीवाल्याशी बोलायचा याहून वेगळा मार्ग आपल्याकडे नाही.

ही कसोटी एकदा घरातच लागली. माझ्या मामाच्या, २०१९ डिसेंबरच्या गाडीचं मागचं डावं ब्रॅकेट मी दुसऱ्या वाटेने, म्हणजे वितळवून आणि जाळी दाबून जोडलं होतं. भरीला लागणारी पट्टी भंगारवाल्याकडच्या तुटक्या बंपरमधून कापून आणली होती. काम चांगलं झालं होतं, बाहेरून काडीचंही दिसत नव्हतं. दोन महिन्यांनी मामाने गाडी विकायला काढली. एक तरुण जोडपं बघायला येणार होतं, त्यांची पहिलीच गाडी.

"ब्रॅकेटचं सांगूया," मी म्हटलं.

"कशाला? तूच म्हणालास ना, नव्यापेक्षा पक्कं झालंय म्हणून?"

"पक्कं आहे म्हणूनच सांगायला काय हरकत आहे?"

"अरे, सांगितलं की त्यांना वाटणार अजून काय काय तुटलं असेल. लोक खरं ऐकून विश्वास ठेवत नाहीत, संशय घेतात."

मामाचं म्हणणं चुकीचं नव्हतं. बाजार असाच चालतो. जो सांगतो त्याचा भाव पडतो, जो गप्प बसतो त्याचा टिकतो. त्यामुळे गप्प बसणारे वाढतात, मग घेणारे सगळ्यांवरच संशय घेतात, आणि सांगणारा अजूनच वेडा ठरतो. पण माझी अडचण वेगळी होती. दुरुस्ती चांगली असली तरी न सांगता दिली की ती मुलामाच होत होती. छपाई पुसलेला बिअरचा पत्रा. चांगलं काम ठिगळ व्हायचं असेल, तर जे डोळ्याला दिसत नाही ते तोंडाने दाखवावं लागतं.

शेवटी सांगितलं. त्या मुलाने खाली वाकून बघितलं आणि फार नेमकं विचारलं, "दादा, परत तुटलं तर कळेल का?" मी म्हटलं, "कळेल, आधी खडखडेल. नवं ब्रॅकेट घ्यायचं झालं तर कुठल्या बाजूचं मागायचं तेही लिहून देतो." त्याने किमतीतून दीड हजार कमी करून घेतले. मामा संध्याकाळपर्यंत त्याला 'भाच्याचं दीड हजारांचं सत्य' म्हणत होता.

*

केंद्र सरकारच्या ग्राहक व्यवहार विभागाने जुलै २०२२मध्ये 'राइट टू रिपेअर'साठी समिती नेमली. शेतीची अवजारं, मोबाइल आणि टॅबलेट, घरगुती उपकरणं आणि वाहनं अशी चार क्षेत्रं निवडली गेली, आणि त्याच वर्षी डिसेंबरमध्ये एक पोर्टलही सुरू झालं. वस्तू माझी असेल तर ती उघडायचा, तिची माहिती आणि सुटे भाग मिळवायचा हक्क माझा, हे म्हणणं मला मनापासून पटतं. कंपन्यांनी बंद करून ठेवलेली झाकणं उघडलीच पाहिजेत.

पण झाकण उघडणाऱ्यावर एक गोष्ट येऊन पडते, तिच्याबद्दल आपण कमी बोलतो. गाडी गॅरेजला टाकली की कामाबरोबर कामाची माहितीही आपण तिकडेच ठेवून येतो. "मला काय माहीत, मेकॅनिकने केलं" हे वाक्य आपल्यासाठी राखीव असतं. घरी लायनर सरकवून, टॉर्च तोंडात धरून, तुटलेला कान स्वतःच्या डोळ्यांनी पाहिला की ते वाक्य हातातून जातं. आता आपल्याला माहीत असतं. आणि घोड्याच्या त्या तिन्ही उदाहरणांत पहिली अट एकच आहे: विकणाऱ्याला माहीत असणं. स्वतः दुरुस्त करणारा माणूस आपणहून त्या जागी जाऊन उभा राहतो.

म्हणून जाळी दाबा, टाय लावा, भंगारातलं ब्रॅकेट आणा, जमेल ते करा. चाक परत चढवून नट आवळल्यावर एक शेवटचं काम ठेवा. गाडीच्या सर्व्हिसच्या वहीत एक ओळ लिहा: कुठलं ब्रॅकेट, कुठली बाजू, कशाने जोडलं, कुठल्या तारखेला. ती वही पुढे कुणाच्या हातात जाईल हे आपल्याला माहीत नसतं. तेव्हा ती आपल्याच मुलीच्या हातात जाणार आहे, असं समजून अक्षर जरा नीट काढा.